एक सेट-टॉप बॉक्स, चार खोल्या

२०२४ च्या दिवाळीपर्यंत पुण्यातल्या आमच्या रो-हाऊसमध्ये केबलचे तीन सेट-टॉप बॉक्स होते. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, वरच्या मजल्यावर आजीच्या खोलीत एक. मागच्या पडवीतला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही बॉक्सवाचून नुसताच बसून होता. बिल महिन्याला हॉलच्या बॉक्सचं ४१२ रुपये आणि बाकी दोघांचं प्रत्येकी २६८. आता बॉक्स एकच आहे आणि चारही टीव्ही त्याच्यावर चालतात. काम खरं दोन रविवारांचं, पण ऑक्टोबरमध्ये सुरू केलेलं जानेवारीत संपलं. तो वेळ कुठे गेला हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बॉक्समधून एका वेळी एकच चॅनेल बाहेर पडतो. पुण्यात मार्च २०१३ पर्यंत केबल अॅनालॉग होती. तेव्हा एका वायरीत सगळे चॅनेल उघडे येत आणि प्रत्येक टीव्हीचा ट्यूनर आपापला चॅनेल उचलत असे. पन्नास रुपयांचा स्प्लिटर लावला की झालं. आता वायरीतून येणारे चॅनेल कुलूपबंद असतात आणि कुलूप बॉक्समधल्या कार्डाने उघडतं. त्यामुळे केबलवाल्याची वायर बॉक्सच्या आधी फोडून दुसऱ्या टीव्हीला दिली तर काहीही दिसत नाही. डिशची वायर साध्या स्प्लिटरने फोडली तर दुसरीच पंचाईत. बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून छत्रीला कुठल्या ध्रुवणाचे, म्हणजे उभ्या की आडव्या लहरींचे, चॅनेल हवेत ते सांगत असतो, आणि दोन बॉक्स एकाच वायरीवर दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागले की एकाचे निम्मे चॅनेल गायब होतात. फोडायचं ते बॉक्सच्या पुढे. म्हणजेच सगळ्या खोल्यांत तेच चित्र, तोच चॅनेल.

हे घरात चालणार आहे का, ते आधी तपासलं. ६ ते १३ ऑक्टोबर असे आठ दिवस प्रत्येक टीव्हीशेजारी एक कागद चिकटवला: किती वाजता, कुठला चॅनेल. स्वयंपाकघरात नेहमी हॉलचाच चॅनेल निघाला, तिथे बघण्यापेक्षा ऐकण्याचंच काम. वर आजीचं आणि खाली आईचं रात्री साडेआठपर्यंत एकच. त्यानंतर आजी झोपते. क्रिकेटचे दिवस सोडले तर भांडणाला जागा नव्हती. तुमच्या कागदावर संध्याकाळी सात ते नऊ दोन वेगळे चॅनेल दिसत असतील, तर पुढचं वाचून पैसे घालवू नका, दुसरा बॉक्स राहू द्या. दूरदर्शनची फ्री डिश असेल तर मासिक भाडंच नाही; तिथे दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीवरचा सिग्नल पकडणारा डबा) आणि जास्तीचा बॉक्स हाच सरळ मार्ग.

मग बॉक्सच्या पाठीमागे काय काय आहे ते बघितलं. आमच्यावर एचडीएमआय आणि ३.५ मिमीचं एव्ही भोक (चित्र-आवाज जुन्या पद्धतीने देणारं), दोन्ही होती. काही बॉक्समध्ये एचडीएमआय जोडलं की एव्ही बंद पडतं. आमच्यात दोन्ही एकदम चालू राहतात, आणि पुढचा अर्धा खर्च वाचला तो यामुळे.

घराच्या भिंतींत अॅनालॉग काळातली को-अॅक्स वायर (केबल टीव्हीची गोल वायर, मध्ये तार आणि भोवती जाळी) आधीच होती. हॉलच्या टीव्हीमागून स्वयंपाकघर, पडवी आणि वरची खोली अशा तीन वायरी. म्हणून पहिला प्रयत्न मॉड्युलेटरचा. मॉड्युलेटर म्हणजे घरातलं एक चॅनेलचं दूरदर्शन केंद्र म्हणा: बॉक्समधून चित्र आणि आवाज घ्यायचा, एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चढवायचा आणि जुन्या वायरीत सोडायचा. प्रत्येक टीव्ही तो साध्या अँटेनाच्या भोकातून पकडतो. टीव्हीत अॅनालॉग ट्यूनर आहे ना, ते सेटिंगमध्ये आधी बघून घ्या.

९ नोव्हेंबरला तापकीर गल्लीतून, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, सामान आणलं. मॉड्युलेटर १,३५० रुपये, चार तोंडांचा स्प्लिटर १८०, एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं तोंड) वीस नग २४० रुपयांना, ७५ ओहमचे दोन टर्मिनेटर (रिकामं तोंड बंद करणाऱ्या टोप्या) ५०, १० डेसिबलचा एक अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) ६०, आणि जोडाजोडीसाठी दहा मीटर आरजी-६ को-अॅक्स वायर, २२० रुपये. एकूण २,१००. मॉड्युलेटर घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारायच्या: पाल बी/जी (आपल्याकडची अॅनालॉग टीव्हीची पद्धत) आहे का, आणि आउटपुट किती डेसिबल, म्हणजे सिग्नल किती जोराचा. पहिली मी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी जोडणी. सगळ्यात आधी केबलवाल्याची खांबावरून येणारी वायर घरातल्या जुन्या स्प्लिटरमधून काढली आणि सरळ बॉक्सलाच दिली. हे विसरलं तर तुमच्या मॉड्युलेटरचा सिग्नल उलटा बाहेरच्या लाइनवर जातो आणि शेजाऱ्यांच्या बॉक्सवर चित्र फुटतं. घरातली वायर आणि बाहेरची वायर यांचा संबंध फक्त बॉक्समधून. वायरींना हात लावण्याआधी सगळ्या टीव्हींच्या पिना बोर्डातून काढा. दोन पिनांच्या उपकरणांची गळती वायरीच्या जाळीवर येते, आणि एक हात जाळीला, दुसरा टीव्हीच्या धातूला लागला की झिणझिण्या येतात.

जुने जोड उघडले तेव्हा दोन ठिकाणी वायरी नुसत्या पिळून वर टेप मारलेली निघाली. अॅनालॉगच्या दिवसांत ते चालून गेलं असेल. मी सगळीकडे एफ कनेक्टर घातले. बाहेरचं काळं आवरण साधारण १५ मिमी सोलायचं, जाळी मागे दुमडायची, आतला पांढरा फोम ८ मिमीवर कापायचा, आणि कनेक्टर बसवल्यावर मधली तार त्याच्या काठाबाहेर २-३ मिमी राहिली पाहिजे. कमी राहिली तर पकडत नाही, जास्त राहिली तर टीव्हीच्या भोकात वाकते. जाळीचा एकच केसासारखा तंतू मधल्या तारेला टेकला की ती खोली मेली. माझ्याकडून पडवीच्या वायरीत हेच झालं, आणि सापडायला पाऊण तास गेला. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मधली तार आणि कनेक्टर यांच्यामध्ये बीप वाजते का बघा. वायरीचं दुसरं टोक सुटं असताना वाजली तर तो कनेक्टर कापून टाका, दुरुस्त करत बसू नका.

बॉक्सच्या एव्ही वायरीची एक वेगळी खोड आहे. ३.५ मिमीच्या पिनेवर चार पट्ट्या असतात आणि त्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. बाजारातली वायर लावली तर पिवळ्या जॅकवर चित्राऐवजी गुरगुर आणि लाल जॅकवर चित्र, असं होऊ शकतं. बॉक्सबरोबर आलेली मूळ वायर शोधा, नाहीतर जॅक आळीपाळीने बदलून बघा.

मॉड्युलेटर ई-८ या चॅनेलवर लावला: चित्र १९६.२५ मेगाहर्ट्झ, आवाज २०१.७५. मुद्दाम खालचा बँड निवडला, कारण फ्रिक्वेन्सी वाढते तशी वायर जास्त सिग्नल खाते. स्वयंपाकघरात चॅनेल शोधायला लावला, चित्र आलं, आवाज नाही, नुसता फस्स. वायर, जॅक, टीव्हीचा व्हॉल्यूम, सगळं तपासून झालं. दोष मॉड्युलेटरमागच्या छोट्या स्विचचा होता. आपल्याकडे आवाज चित्राच्या ५.५ मेगाहर्ट्झ वर बसतो. तो स्विच ६.५ वर होता. सरकवला आणि बातम्या बोलू लागल्या. तुम्हालाही चित्र स्वच्छ आणि आवाजाऐवजी फस्स मिळाला तर पहिल्यांदा हेच बघा.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. चित्रावर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रेघा. मुंग्या दिसल्या तर सिग्नल कमी, हे सगळ्यांना माहीत असतं. रेघा दिसल्या तर बहुधा जास्त, हे कमी लोक सांगतात. हिशोब सोपा आहे. मॉड्युलेटरवर ९५ डेसिबल मायक्रोव्होल्ट लिहिलेलं. चार तोंडांचा स्प्लिटर ८ खातो, राहिले ८७. आरजी-६ या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरमागे १० डेसिबलच्या आसपास खाते, म्हणजे १५ मीटरमध्ये दीड. टीव्हीपर्यंत ८५ पोचले. टीव्हीला ६० ते ८० पुरतात. स्प्लिटरच्या आधी १० डेसिबलचा अॅटेन्युएटर घातला, ७५ झाले, रेघा गेल्या. साठ रुपयांची वस्तू, पण गल्लीतल्या तीन दुकानांत विचारावी लागली होती. बहुतेक ठिकाणी अॅम्प्लिफायरच पुढे करतात. चार-पाच खोल्यांच्या घराला अॅम्प्लिफायर सहसा लागत नाही. स्प्लिटरचं चौथं तोंड आणि पडवीतलं एक वापरात नसलेलं भोक, दोन्हीवर टर्मिनेटर बसवले. उघडं तोंड सिग्नल परत फेकतं आणि अक्षरांच्या उजवीकडे सावली दिसते.

स्वयंपाकघरातल्या २४ इंची टीव्हीवर चित्र पुरेसं चांगलं आलं. पडवीतल्या जुन्या टीव्हीवर तर अपेक्षेपेक्षा छान. तो टीव्ही याच सिग्नलसाठी जन्माला आला होता. त्याच्यासाठी बॉक्समधलं स्क्रीनचं माप लेटरबॉक्सवर नेलं, नाहीतर माणसं उभट दिसतात. वर आजीकडे मात्र ३२ इंचांचा फुल एचडी टीव्ही. तिथे तेच चित्र धुवट, आणि खालची बातम्यांची पट्टी वाचता येईना. आठवडाभर बघितलं. आजी म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." नंबर तोच होता.

त्यामुळे वरच्या खोलीसाठी एचडीएमआय. नुसती एचडीएमआय वायर नेण्याचा विचार सोडला. बॉक्स १०८०आय किंवा ७२०पी देतो तेव्हा दहा मीटरपर्यंत बरी वायर चालते, पण आमचं अंतर पाइपच्या वळणांसकट २२ मीटर, आणि एचडीएमआयचं डोकं पाऊण इंची पाइपमधून जातच नाही. वायफायसारखे बिनतारी संचही मिळतात. मध्ये स्लॅब आहे म्हटल्यावर तो नाद केला नाही. २३ नोव्हेंबरला दोन तोंडांचा एचडीएमआय स्प्लिटर ८५० रुपयांना, आणि कॅट-६ वरून एचडीएमआय नेणारा एक्स्टेंडरचा जोड २,४०० रुपयांना घेतला. खोक्यावर ६० मीटर, १०८०पी, आणि आयआर (रिमोटचा इशाराही नेतो) असं लिहिलेलं बघून. स्प्लिटर एचडीसीपी (नक्कल रोखणारं कुलूप) पाळणारा हवा, नाहीतर टीव्हीवर काळा पडदा किंवा सूचना येते. आणि हा एक्स्टेंडर राउटरला किंवा नेटवर्क स्विचला जोडायचा नसतो. वायर कॅट-६ असली तरी ती नेटची वायर नाही. एका डबीतून निघून थेट दुसऱ्या डबीत जायला हवी.

वायरमन लग्नसराईत अडकलेला, तो १ डिसेंबरला आला. बंद पडलेल्या टेलिफोनचा पाइप वरच्या खोलीपर्यंत जात होता, त्यातून फिश वायर (पाइपमधून वायर ओढायची लवचिक पट्टी) घालून तासाभरात ओढून दिली, १,२०० रुपये. विजेच्या पाइपमधून ही वायर ओढू देऊ नका, वायरमन कितीही म्हणाला की चालतं. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि वायर जिन्यातल्या सामाईक डक्टमधून जाणार असेल, तर सोसायटीला एक साधा अर्ज देऊन पोच घ्या.

दोन्ही टोकांना एकच रंगक्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले, वर चित्र आलं, आणि दर चार-पाच मिनिटांनी पडदा क्षणभर काळा. एक्स्टेंडर बदलून आणायची तयारी केली होती. मग वायरीचं कापलेलं टोक पातीने खरवडलं. तांबूस थर निघून आत चंदेरी. १४ रुपये मीटरने घेतलेली वायर ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा. टेस्टर फक्त जोड बघतो, धातू बघत नाही. पंचवीस मीटरचे ३५० रुपये गेले. शुद्ध तांब्याची वायर २८ रुपये मीटरने, ७०० रुपये. जुनीच्या टोकाला नवी बांधून ८ डिसेंबरला ओढून घेतली, त्यामुळे वायरमन पुन्हा लागला नाही. काळा पडदा थांबला.

आवाजाने इथेही एकदा गंडवलं. स्प्लिटर दोन्ही टीव्हींची क्षमता विचारतो आणि बॉक्सला बहुधा पहिल्या तोंडाचं उत्तर कळवतो. हॉलच्या टीव्हीला डॉल्बी कळतं, वरच्याला नाही. त्यामुळे एचडी चॅनेलवर वर मुकेपणा, साध्या चॅनेलवर आवाज. बॉक्सच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ पीसीएम (सगळ्या टीव्हींना कळणारा साधा आवाज) केला, चित्र कायमचं १०८०आयवर ठेवलं, आणि हॉलच्या टीव्हीमधलं सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय) बंद केलं. सीईसी चालू असताना खाली टीव्ही बंद केला की बॉक्सही झोपतो आणि वर मालिका मध्येच तुटते.

रिमोटसाठी एक्स्टेंडरबरोबर दोन छोट्या वायरी येतात. काळपट डोळ्याची वायर वर, टीव्हीखाली लावायची. ती रिमोटचा इशारा पकडते. पारदर्शक ठिपक्याची खाली, बॉक्सच्या तोंडावर. ती तोच इशारा परत फेकते. दोन्हींची पिन कुठल्याही डबीत बसते, आणि उलटी लागली की काहीच होत नाही. बॉक्सचा खरा सेन्सर कुठे आहे ते काळ्या काचेवर टॉर्च तिरका मारल्यावर दिसतं: वाटाणाभर गोल ठिपका. बरोबर त्याच्यावर चिकटवायचं, बोटभर बाजूला गेलं तरी चालत नाही. इशारा येतो का, ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघता येतं. ठिपका जांभळट लुकलुकतो. आमच्याकडे रात्रीच रिमोट अडखळायचा. डोळा एलईडी ट्यूबच्या समोर होता. तो टीव्हीच्या खालच्या कडेला, सावलीत नेल्यावर थांबलं. जास्तीचा रिमोट २५० रुपये. स्वयंपाकघराला आणि पडवीला अशी सोय नाही, तिथून हाक मारावी लागते.

एक दोष राहिलाच. हॉल आणि स्वयंपाकघर एकदम चालू असले की एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. हॉलचा टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो, अॅनालॉगवरचा स्वयंपाकघरातला पुढे पळतो. हॉलच्या टीव्हीला गेम मोडवर ठेवल्यावर अंतर खूप कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

आता बॉक्स परत करणं. दोन आठवडे सगळं नीट चालल्यावरच, २३ डिसेंबरला केबलवाल्याकडे अर्ज दिला. त्याआधी बिल नीट वाचलं. ट्राय म्हणजे केबल-डिशचे नियम ठरवणारी सरकारी संस्था. तिच्या जानेवारी २०२० च्या नियमांनुसार नेटवर्कचं भाडं २०० चॅनेलपर्यंत कमाल १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीपासून पुढे त्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असं होतं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढली, त्यामुळे आता ऑपरेटर सांगेल तो आकडा. सशुल्क चॅनेलचे पैसे आमच्याकडे प्रत्येक बॉक्सला वेगळे लागत होते, फुगवटा तिथला.

अर्जात ग्राहक क्रमांक, दोन्ही बॉक्सचे कार्ड क्रमांक आणि अनामत परत हवी हे लिहिलं. तरी २६ तारखेला बंद झाला तो हॉलचा बॉक्स. एका घरातल्या बॉक्समध्ये एक मुख्य आणि बाकी त्याच्या हाताखालचे असतात. मुख्य बंद केला की बाकीचेही झोपतात. एक बॉक्स गेला आणि चार खोल्या गेल्या. दोन फोन, तक्रार क्रमांक, आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत. अर्ज देताना मुख्य बॉक्स कुठला ते विचारून घ्या, त्याचाही क्रमांक लिहा आणि शेजारी 'हा चालू ठेवावा' असं लिहा. बॉक्स, रिमोट, अडॅप्टर देताना मोबाइलमध्ये फोटो काढा आणि तारखेची पावती घ्या. अनामत २० जानेवारीला जमा झाली.

सगळा खर्च ७,८५० रुपये, महिन्याला वाचतात ५३६. म्हणजे पंधराव्या महिन्यात वसूल. नुसत्या मॉड्युलेटरवर भागलं असतं तर २,१०० रुपये चार महिन्यांत निघाले असते. मोठे टीव्ही नसतील तर तेवढ्यावरच थांबा. हे सगळं एका घरापुरतं. शेजारच्या घरात वायर टाकणं कनेक्शनच्या अटींत बसत नाही, आणि खाणावळ, हॉस्टेल, लॉज यांना व्यावसायिक कनेक्शन घ्यावं लागतं.

वीज जाऊन आली की कधी कधी वर चित्र येत नाही. तेव्हा क्रम असा: दोन्ही टीव्ही चालू, मग स्प्लिटर आणि एक्स्टेंडर, सगळ्यात शेवटी बॉक्स. हा क्रम लिहून टीव्हीमागे चिकटवला आहे, आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेपवर खोलीचं नाव.